मोहरीच्या चुलत बहिणीचा चमत्कार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेचं भांडं, त्यात कोमट पाणी, पाण्यात मुठीएवढा वाळका काटक्यांचा गोळा आणि मागे रेशमी कपड्यातलं सोंग. लोक त्याला फुलबाबा म्हणत.

"माते, ही बुटी तीनशे वर्षं समाधीत आहे! उमलली, की तुझं बाळंतपण घरीच, निर्विघ्न! डॉक्टर काय, नुसते कापाकापीचे धनी!"

तासभर ही बडबड ऐकता ऐकता गोळा खरंच उलगडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर 'माता' म्हणून बसली होती माझी धाकटी बहीण. पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी आजच भरती व्हायला सांगितलं होतं. तिचा नवरा मात्र हात जोडून म्हणाला, "ठरलं, आता दवाखाना नाही!"

माझं डोकंच फिरलं. अक्कल गहाण टाकायची तर स्वतःची टाक ना, बायकोचा जीव कशाला?

वनस्पती संग्रहालयात वाळक्या झाडांची कुळं लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. बहिणीनं फोनवर बुटीचं वर्णन केलं तेव्हाच मी ती ओळखली होती. म्हणून प्रवचन सुरू होताच मीही मागच्या रांगेत, मांडीवरच्या डब्यात, कोमट पाण्यात तसाच एक गोळा सोडला होता. तो घेऊन मी मंचावर चढले.

"बाबा, हिचं कूळ कोणतं?"

"देवकुळ!"

"मोहरीचं! स्वयंपाकघरातल्या मोहरीची ही चुलत बहीण. आणि ही बघा माझी. आमच्या जावईबापूंच्या नावानं सोडली होती, तीही उमलली. अभिनंदन! यांचंही बाळंतपण घरीच!"

सभागृह खो खो हसलं. बाबा सावरत म्हणाले, "तुझी बुटीही जागृत दिसते."

"जागृत कसली? वर्षानुवर्षं संग्रहालयाच्या कपाटात पडलीय. कीड लागू नये म्हणून विष चोपडलंय तिला. हे झुडूप बी धरून मरतं. वाळलं की फांद्या आवळतात, भिजल्या की सैलावतात. पावसात दाराचं लाकूड फुगतं, त्याला कुणी साष्टांग घालतं का? जागृत म्हणता, तर घ्या हे तीर्थ!"

बाबांचा हात काही पुढे येईना.

बहीण उठली. "ताई, गाडी काढ."

"अगं, पण बाबा म्हणाले..." नवरा पुटपुटला.

"त्यांना मेलेलं झुडूप ओळखता येत नाही, माझं काय कळणार?"

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. डॉक्टरीणबाई जावईबापूंना एवढंच म्हणाल्या, "घरी ठेवली असतीत, तर दोघीही गेल्या असत्या." तो भिंतीला टेकून रडला. रडू दे!

मंडळी, हात जोडायचेच असतील तर जोडा. पण आधी विचारा, ही वस्तू नेमकी आहे काय, आणि बाबाशिवायही असंच होतं का?