हवाबंद बॅग

या, जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. आवाज चढवून सांगावी अशी ही गोष्ट नाही. दोन बहिणींची आहे.

धाकटी चीजच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तुकडा पिशवीत घालायचा, यंत्राचं झाकण दाबायचं, हवा फुस्सकन शोषली जायची आणि प्लास्टिक मालाला घट्ट चिकटायचं. हवा गेली की माल टिकला, हे तिच्या अंगात भिनलेलं. ताई शिलाईकाम करायची, शर्टांची काजं. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या एकावर तिनं आईवेगळ्या धाकटीला वाढवलं.

कारखान्यात कुणीतरी धाकटीच्या डोक्यात भरवलं, की बड्या कंपनीची बॅग दरवर्षी महाग होते, सोनं तिच्यापुढे झक मारतं.

ताई हसून म्हणाली, "अगं, पर्समध्ये पैसे ठेवतात. पैसे घालवून नुसती पर्स कोण ठेवतं?"

"ताई, तुला नाही कळायचं. वापरायची नाही. ठेवायची आणि भाव वाढू द्यायचा."

"घे बाई. तुझा हट्ट कधी मोडलाय मी?" म्हणत ताईनं विकायला म्हणून हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवल्या.

बॅग आली, फिकट गुलाबी, लोण्यासारखी मऊ. धाकटीनं ती डोळ्यांना लावली आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्यात नेऊन यंत्राखाली घातली. मैत्रिणी म्हणाल्या, "शेठाणीबाईंचं चीज बघा!" तीही हसली. मग ते आवळलेलं गाठोडं घरी तापत्या पत्र्याखालच्या कपाटावर जाऊन बसलं, उन्हाळ्यामागून उन्हाळे.

आणि एके सकाळी ताईच्या डोळ्यापुढे काळा पदर ओढल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटतोय; लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर दिसणं जाईल. पैसे आधी भरायचे होते.

"रडतेस कशाला?" धाकटी म्हणाली. "बॅग आहे ना आपली!"

जुन्या बॅगा घेणाऱ्या बाईंनी कात्रीनं प्लास्टिक कापलं. ते सुटेना. ओढलं, तर त्याच्यासोबत गुलाबी रंगाचे पापुद्रेच निघून आले. बॅगेच्या कुशी आत दबलेल्या, घड्या कायमच्या पडलेल्या.

"हे कुणी केलं?"

"मीच. हवा लागू नये म्हणून."

"अहो, चामडं आहे ते. त्याला हवा लागते."

"पण खरी आहे ना? बिल आहे, खोकं आहे..."

"खरीच आहे हो. खोटी असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं."

धाकटीनं हात जोडले, टेबल धरून बसली. बाईंनी देऊ केली ती रक्कम केवळ कडीची आणि साखळीची. पुढच्या दुकानदारानं तर हातही लावला नाही.

दवाखान्यात ताई बाकावर बसून होती. पावलांवरून तिनं ओळखलं. "विकली?"

"ताई, मी तिचा जीव कोंडून मारला गं."

ताईनं बॅग मांडीवर घेतली, अगदी डोळ्याजवळ नेली, बोटांनी चाचपली. "टाका मात्र झकास घातलाय मेल्यांनी," म्हणाली. मग एकाएकी तिनं धाकटीचं मनगट पकडलं. नखं रुतली. "मला अंधाराची भीती वाटते गं. तुला वाढवताना बोलले नाही कधी."

धाकटी उठली. काउंटरवर रडली, डॉक्टरांच्या दारात आडवी झाली, कारखान्यात जिच्यातिच्यापुढे पदर पसरला. मैत्रिणींनी आपापले डबे-डब्या रिकाम्या केल्या. देवाची माणसं! पैसे जमले. पण तोवर पडदा पुरता सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी हात टेकले.

आता ताईला खिडकी तेवढी कळते, उजेडाचा चौकोन म्हणून. धाकटी त्याच्या आड आली की ताई म्हणते, "आलीस? बाजूला हो, माझा उजेड अडवू नकोस," आणि हसते. धाकटीला ते हसू सोसत नाही.

तेव्हा मंडळी, डोळे मिटून देवाचं नाव घ्याल ना, त्या ताईची आठवण ठेवा. आणि धाकटीचीही, तिची जरा जास्तच.