जांभळी चारी

सहादेवाच्या उजव्या दंडावर भिमाजीच्या खोऱ्याचा दांडा बसला, तेव्हा ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज झाला. हाड मोडलं नाही, कातडी फाटली नाही, रक्ताचा टिपूसही आला नाही. पण त्याच्या मुठीतलं खोरं आपोआप सुटून चारीच्या पाण्यात पडलं आणि मनगट मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं लोंबायला लागलं. डाव्या हातानं तो ते उचलून धरी. सोडलं की पुन्हा खाली.

"भिमा, काय केलंस रं हे?" सहादेव ओरडलासुद्धा नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताकडं बघावं तसा आपल्याच हाताकडं बघत राहिला.

बांधावरच्या दोघा-तिघांना वाटलं, बिचाऱ्याला लागू नये तिथं लागलं. दांडा कुठं बसवायचा ते ठरवूनच मारला होता, हे एका भिमाजीला ठाऊक.

आता तालमीत वाढलेल्या या आडदांड गड्याला ही विद्या कुठून आली, ते आधी सांगितलं पाहिजे.

भिमाजीची धाकटी बहीण छबू नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. आई-बाप मागंच गेलेले. भिमाजीनंच तिला वाढवलेली. त्या दिवाळीला ती कोल्हारला घरी आली ती रडवेलं तोंड घेऊन. हाडं पाठ झाली होती, स्नायू पाठ झाले होते, पण हाताच्या मज्जातंतूंचं जाळं काही केल्या डोक्यात राहीना. त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंनी युक्ती दिली होती: वाचत बसू नका, काढत बसा. मानेपासून पाच रेघा ओढा. वरच्या दोन मिळवा, खालच्या दोन मिळवा, मधली एकटी जाऊ द्या. पाचाच्या तीन झाल्या. त्या प्रत्येकीला मागच्या अंगाला एकेक फाटा द्या, ते तिन्ही फाटे एकात सोडा. छबू पाटीवर काढी, चुके, पुसे, पुन्हा काढी.

भिमाजी ओसरीवर विळ्याला धार लावत होता. तो वाकून बघत म्हणाला, "छबे, हे तर आपल्या पाटाचं पानी हाय की! ह्या चाऱ्या, ह्या पोटचाऱ्या. आन मागल्या तिन्ही एकीत सोडल्या, म्हंजी हीच मोठी. ही कुनाच्या शिवारात जाती?"

"मनगट आन बोटं वर उचलनाऱ्यांच्या," छबू डोळे पुसत म्हणाली. "दादा, तू आधी का न्हाई भेटलास?"

"मग पाटीवर कशाला काढती? हे घे रान," म्हणून त्यानं सदरा काढला.

छबूनं जांभळी शाईपेन्सिल जिभेला लावली आणि भावाच्या मानेपासून बोटांपर्यंत चाऱ्या ओढल्या. चांगले आठ दिवस हाच उद्योग. ती डोळे मिटून नावं म्हणे, तो बोट फिरवून चूक धरी. आंघोळीला दगडानं घासलं तरी शाई पुरती जात नसे. मागच्या चारीपाशी आली की ती हमखास अडे. "ही दंडाच्या मागून हाडाला घासून वळसा घेती, मग बाहेरून कोपरापुढं येती. हिथं वर मांस कमी. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारुड्या झोपला, तरी सकाळी मनगट पडलेलं असतं."

भिमाजी हसहसून लोळला होता. छबू परीक्षेत पास झाली. पण पाठ दोघांचंही झालं होतं.

आणि एकाहत्तर सालची संक्रांत आली. छबू दोन दिवसांच्या सुट्टीवर. किंक्रांतीच्या दिवशी भांडू नये, म्हणतात. पण पाटाचं पाणी सण बघून येत नाही. दुपारपर्यंत पाळी भिमाजीची. त्याचा चुलतभाऊ सहादेव न्याहारीच्या वेळीच दारं फोडून पाणी आपल्या गव्हाकडं वळवून बसला. सहादेव म्हणजे गावच्या सप्त्यातला मृदंग. त्याची थाप ऐकायला पलीकडच्या गावची माणसं नदी ओलांडून येत. वादनात देव, बोलण्यात मात्र करवत.

"दारं लाव, सहादेवा. पाळी माझी हाय."

"तुला कशाला रं पानी? भैन कमावती की! परक्या गड्यांची अंगं पुसायचा पगार येतोय."

भिमाजीच्या डोळ्यांपुढं लाल पडदा आला. त्यानं पहिला ठोसा तोंडावर दिला. सहादेव चिखलात पडला, उठला आणि खोरं उगारून धावला. उजवा हात वर गेला, दंडाची मागची बाजू उघडी पडली. त्या क्षणात भिमाजीला दंड दिसलाच नाही. त्याला जांभळी रेघ दिसली. अन् कुठं ती हाडाला घासून वळसा घेते, तेही दिसलं.

दुपार कलायच्या आत सहादेवाचा थोरला भाऊ कानिफनाथ चार गडी घेऊन दारात उभा राहिला; मागं लोंबता हात धरून सहादेव. हातात कुऱ्हाड. दार आतून लावायलाही सवड मिळाली नाही. पहिली काठी भिमाजीच्या गुडघ्यावर बसली, दुसरी बरगडीवर. तो पडला तसे तिघं त्याच्या अंगावर बसले. तोंड दगडावर आपटलं, दोन दात निखळले. रक्त थुंकत तो उठायचा, पुन्हा आडवा व्हायचा. छबू मध्ये पडली तर एकानं तिला वेणीला धरून ओढली.

"उजवा हात वढा!" कानिफनाथ गरजला. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर भिमाजीचं मनगट दाबून धरलं. "माझ्या भावाचा हात गेला, तुझा बी जाऊ दे. फिटंफाट!"

कुऱ्हाड वर गेली. छबू वेणी सोडवून पळाली ती भावाकडं नाही; पळाली दारातल्या सहादेवाकडं. त्याचा लोंबता हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"कानिफदादा, तोडायचं मग तोड! आधी हा हात बघू दे. ह्यो गेल्याला न्हाई!"

कुऱ्हाड थांबली. खाली मात्र ठेवली नाही.

"सहादेवदादा, कोपर सरळ कर." झालं. "मूठ वळ." कशीबशी वळली. "करंगळीला कळतंय?" व्हय. "अंगठ्याच्या मागं, हिथं?" न्हाई. "मनगट उचल." मनगट हललं नाही. छबूनं चोळीत खोचलेली पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि सहादेवाच्या दंडाला वळसा घालून मनगटापर्यंत एक रेघ ओढली.

"एकच चारी बंद पडलीय. बाकीच्या वाहत्यात. तुटली न्हाई ही, चेंबलीय. चार दिवसांत ज्वारीच्या दान्याएवढं पानी फुडं सरकतं. कोपरापतूर आलं की मनगट उठंल. हनुमान जयंतीपतूर थांब."

तेवढ्यात सूर्यभानबाबा आले. दोन्ही घरांत ज्याचा शब्द मोडत नसत, असा गावात हा एकच म्हातारा. सप्त्यातली वीणा त्यांच्या गळ्यात. त्यांनी ओंडक्यावरचं रक्त पाहिलं आणि आपला हात भिमाजीच्या हातावर ठेवला. कुऱ्हाड पडली असती तर दोन हात गेले असते.

"बाबा, तुमी सरका," कानिफनाथचा आवाज फाटला. "सरका म्हंतो! बरं. मारुतीची आन घेऊन सांगतो, जयंतीला सहादेवाचा हात मृदंगावर पडला न्हाई, तर ह्याच ओंडक्यावर भिमाचं मनगट ठेवीन. मग माझ्या फुडं देव आला तरी सरकनार न्हाई."

गर्दी गेली. छबू भावाच्या तोंडातलं रक्त पुसत होती.

"छबे, खरं सांग. येनार त्याचा हात?"

"चेंबली आसंल तर."

"आन तुटली आसंल तर?"

तिनं फडकं पिळलं. पाणी लाल झालं. मग ती खाली बघूनच म्हणाली, "दादा, दांडा बरोब्बर वळशावरच कसा बसला?"

भिमाजीनं तोंड भिंतीकडं वळवलं. छबूचा हात थांबला. तिनं पेन्सिल त्याच्या मुठीत कोंबली, इतक्या जोरात की टोक तळव्यात रुतलं. "मी उद्या नगरला जानार. तुला पाठ हाय ना? मग दर सोमवारी तूच जायचं त्याच्या घरी. रेघंवर बोटानं ठोकायचं. जिथं मुंग्या येतील तिथं खूण करायची. बांबूच्या कामट्या तासून मनगट वर बांधून ठेवायचं. आन मारतील तेवढं खायचं."

पहिल्या सोमवारी कुऱ्हाडीचा तुंबा, मागची बोथट बाजू, पाठीत बसला. भिमाजी गुडघ्यावर आला, तसाच सरकत सहादेवापुढं जाऊन बसला आणि ठोकू लागला. दुसऱ्या सोमवारी सहादेवाची आई, केशरकाकू, हिनं उकळत्या पाण्याचा तांब्या फेकला; मानेवर फोड उठले. तिसऱ्या सोमवारी कुत्रं सोडलं. पोटरीचा लचका हातानं दाबून धरत त्यानं खूण केली. खूण जुन्या खुणेवरच पडली. चौथ्या सोमवारीही तिथंच.

"सरकतंय का रं?" सहादेवानं विचारलं. त्या घरात कुणी भिमाजीशी सरळ बोललं, ते हे पहिलं.

"न्हाई."

सहादेव त्याच्या तोंडावर थुंकला. भिमाजीनं बाहीनं पुसलं आणि कामट्या बांधल्या.

सहाव्या सोमवारी ठोकता ठोकता सहादेव दचकला. मुंग्या जुन्या खुणेच्या खाली, चांगल्या दोन बोटांवर आल्या होत्या. भिमाजीनं घाईनं केलेली खूण वाकडी उमटली. पुढं सोमवारामागून सोमवार जांभळे ठिपके कोपराकडं उतरत गेले. मार थांबला नाही, पण सवयीचा झाला. कानिफनाथ आता चहा पिता पिता लाथ मारी. सहादेव ठोकण्याच्या तालावर तोंडानं मृदंगाचे बोल म्हणू लागला. असं असूनही कामट्या सोडल्या की तो हात छातीशी धरून बसे. "पडंल," म्हणे. उचलून बघायचं धाडसच करेना. अन् शेवटच्या सोमवारी तर कोपराच्या बाहेर स्नायूची बारीकशी फुगी भिमाजीच्या बोटाला लागली होती.

भिमाजीला झोप नव्हती ती आता वेगळ्याच कारणानं. सप्ता बसला होता. सूर्यभानबाबांनी कीर्तनात सांगितलं, की देवापुढं हात जोडायला दोन हात लागतात, पण लपवलेलं उघडं करायला एक तोंड पुरतं. ते सगळ्या गावाला सांगत होते. भिमाजीला मात्र वाटलं, बाबा आपल्याकडंच बघतायत.

हनुमान जयंतीला सूर्योदयाला मारुतीचा जन्म झाला, सुंठवडा वाटला आणि माणसं घरी न जाता देवळापुढं थांबली. कानिफनाथनं ओंडका गाडीतून आणून पारापाशी टाकला होता. वर अजून काळा डाग. छबू पहिल्या गाडीनं येऊन पोचलेली.

"सोड कामट्या," कानिफनाथ म्हणाला.

भिमाजीनं सोडल्या. सहादेवानं डोळे मिटून जोर लावला. मनगट वाऱ्यावरच्या पानासारखं थरथरलं आणि खाली गेलं.

"बघितलंत? पंच मंडळी, बघितलंत?" कानिफनाथनं भिमाजीची मानगूट धरली.

"थरथरलं की!" छबू ओरडली. "पानी आलंय, त्यो भितोय नुसता!"

"थरथरन्यावर मृदंग वाजत न्हाई." दोघांनी भिमाजीला वाकवला. त्यानं अंग चोरलं नाही. स्वतःच उजवा हात ओंडक्यावर ठेवला. मग मान वळवून सहादेवाकडं पाहिलं.

"सहादेवा, हात जायच्या आधी ऐक. ते चुकून लागलं न्हाई. छबूनं माझ्या दंडावर चाऱ्या काढल्या हुत्या. कुठं मारलं की हात मरतो, मला ठावं हुतं. मी नेम धरून मारला. तुझा मृदंग बंद पाडायलाच मारला."

छबूनं तोंड झाकलं.

सहादेव जागचा उठला. तीन महिने त्यानं तो घाव नशिबाचा समजून या माणसाला सोसलं होतं. त्याचा हात निघाला. सणसणीत, उलटा, हाताच्या पाठीनं, भिमाजीच्या जबड्यावर. असा बसला की धरणाऱ्या दोघांच्या हातून भिमाजी सुटून पारावर आदळला. उरलेल्या दातांतला एक सुंठवड्यावर जाऊन पडला.

सहादेव धापा टाकत उभा होता. हात तसाच उगारलेला, दुसरी द्यायला. मनगट ताठ. बोटं ताठ.

पहिल्यांदा छबूला दिसलं. "उलट्या हातानं!" ती किंचाळली. "उलट्या हातानं मारलंस दादा! मनगट उठल्याबिगर उलटा हात बसतच न्हाई! बघा की, खाली गेला न्हाई अजून!"

सहादेवानं हळूच आपल्या हाताकडं पाहिलं. खाली सोडला. पुन्हा उचलला. कामट्या नव्हत्या, डावा हात नव्हता. त्याच्या तोंडाचा चंबू झाला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"कानिफा," सूर्यभानबाबा म्हणाले, "कुऱ्हाड ठेव."

"आन घेतली ती हात मृदंगावर पडायची, बाबा," कानिफनाथ पुटपुटला.

"आधी थोबाडावर पडला. आता मृदंगावर पडंल. वाट तीच हाय."

कानिफनाथनं कुऱ्हाड टाकली. जाता जाता भिमाजीच्या बरगडीत एक लाथ घातलीच; तीन महिन्यांची सवय.

संध्याकाळी काल्याच्या कीर्तनाला सहादेव मृदंगापाशी बसला. थाप कच्ची पडत होती, मध्येच लय सुटे, पण एकानंही तोंड वाकडं केलं नाही. दंडावरची जांभळी रेघ सदऱ्याच्या बाहीखालून मनगटापर्यंत उतरलेली दिसत होती. केशरकाकूनं ती घासायला घेतली तेव्हा त्यानं हात ओढून घेतला होता.

भिमाजी मागं टाळकऱ्यांत उभा होता. जबडा भोपळ्याएवढा सुजलेला, तोंड उघडत नव्हतं, त्यामुळं गजर नुसता मनातच. सहादेवानं पाठ फिरवूनच बसायचं ठरवलं होतं. एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही. पण मृदंगावर थाप पडली की भिमाजीचा जबडा ठणके, आणि तो त्या ठणक्यावर टाळ धरी. एकही ठोका चुकला नाही.