शुक्रवारची सुट्टी

आमचं ऑफिस गोखिवऱ्यात आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेची इमारत उभी राहते. प्रत्यक्षात तो विरारजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा आहे. डावीकडे बाटल्यांची झाकणं बनवतात, उजवीकडे लेथ चालतो, आणि मधल्या गाळ्यात आम्ही चौघं वेबसाइट बनवतो. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत, जँगो नावाचं फ्रेमवर्क वापरून. म्हणजे घराचा पाया तयार मिळतो, आपण वर भिंती चढवायच्या. पाया खणून बघायला वेळ कुणाला असतो?

शुक्रवारी आमच्या वसाहतीत दिवसभर वीज नसते. त्यामुळे कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, आणि लेथला सुट्टी तर आम्हालाही सुट्टी. रविवारी सगळं जग तंगड्या पसरून बसलेलं असताना मी डबा भरून कामावर निघते. माझा नवरा हर्षवर्धन चर्चगेटला नोकरीला, त्याला रविवार. खुशी दुसरीत आहे, तिलाही रविवार. शुक्रवारी मी विरारच्या त्या दोन खोल्यांत एकटी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. लग्न झालंय की आळीपाळीने पहारा चाललाय, हेच मला कधीकधी कळत नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही अर्नाळ्याच्या समुद्रकाठच्या एका रिसॉर्टची वेबसाइट केली. मालक हरेशभाऊ तिथलेच, बोलायला रोखठोक. लोकांना तारखाबिरखा निवडायला लावू नका, त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी दोन मोठी बटणं दिली, ‘आज’ आणि ‘उद्या’. बटण दाबा, नाव टाका, खोली तुमची. दिवाळीनंतर साइट इंटरनेटवर चढवली. सर्व्हर अमेरिकेत कुठेतरी भाड्याने घेतलेला. आमचा मालक कौस्तुभ वयाने माझ्याहून लहान, पण तोंडाने मोठा. तो म्हणाला, “साइट नीट चालली तर सुरुची, एक रविवार तुझा.”

चालली, पण हरेशभाऊंची एक कटकट होतीच. “मॅडम, सकाळचा बुकिंगच दिसत नाय. दुपारचा बराबर येतो.” आम्ही तपासायचो. सगळं ठीक असायचं. आता आम्ही तपासायचो कधी? तर दुपारी. कारण बाकीच्या दिवशीही आमच्याकडे सकाळी भारनियमन असायचं, आणि बारानंतर वीज आली की मग कॉम्प्युटर सुरू व्हायचे. तोवर आम्ही कागदावर वेबपानांचे चौकोन काढत बसायचो. त्यामुळे दर वेळी हरेशभाऊंना आमचं एकच उत्तर, “इथे तर बरोबर चालतंय.” शेवटी कौस्तुभ म्हणाला, सकाळी लोक झोपेत बटण दाबत असतील. मीही हसले. फार थकले होते, आणि थकलेल्या माणसाला मिळेल ते उत्तर पटतं.

डिसेंबरात माझा रविवार मला मिळाला. सकाळी उठले तर हर्षने चहा केलेला, आणि खुशी टोपी घालून दारात उभी. “आई, आपण अर्नाळ्याला जातोय! बाबांनी तुझ्या वेबसाइटवर खोली घेतली!” हर्ष लाजल्यासारखा हसला. म्हणाला, “तू बनवलेलं आपण कधी वापरलंच नाही. आणि मला तुला काहीतरी सांगायचंय. तिथे गेल्यावर.” मला इतकं बरं वाटलं की काय सांगायचंय हेसुद्धा मी विचारलं नाही.

एस.टी.तून उतरलो तेव्हा वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात शिरला. खुशीने टोपीने नाक झाकलं. रिसॉर्टच्या दारात गर्दी होती, आणि हरेशभाऊ एका कुटुंबाशी हुज्जत घालत होते. आमची पाळी आली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरकडे बघून कपाळाला हात लावला.

“मॅडम, तुम्ही पन? तुमचा बुकिंग कालचा हाय. शनिवारचा. आज खोल्या फुल.”

मी हर्षवर उखडले. “एक बटण दाबायचं होतं रे. तेही कालचं दाबलंस?”

“कालचं बटण आहे कुठे तुझ्या साइटवर?” तो शांतपणे म्हणाला. “आज सकाळी सातला उठून ‘आज’ दाबलं.”

सकाळी. सकाळचा बुकिंग दिसत नाय. जे कुटुंब मघाशी भांडत होतं ते अजून तिथेच उभं होतं. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी बुक केलं? “आजच, निघायच्या आधी,” त्या बाई म्हणाल्या. “आणि हे म्हणतात काल.”

हरेशभाऊंच्या ऑफिसात त्यांच्या कॉम्प्युटरवरून मी अमेरिकेतल्या सर्व्हरवर शिरले. सेटिंगची फाईल उघडली. ती कौस्तुभने बनवली होती. म्हणजे फ्रेमवर्कने जशी दिली तशीच ठेवली होती. त्यात एक ओळ होती, ही साइट कुठल्या गावच्या घड्याळाने चालते ते सांगणारी. तिथे लिहिलं होतं शिकागो. ज्यांनी हे फ्रेमवर्क बनवलं ते तिकडचे, त्यांनी आपलं घड्याळ घातलं, आणि आम्ही ते बदललंच नाही. शिकागो आपल्या साडेअकरा तास मागे, आपल्याकडे सकाळ उजाडते तेव्हा तिकडे अजून आदलीच रात्र असते. म्हणजे आमची साइट रोज साडेअकरापर्यंत कालच्यातच राहायची, आणि आम्ही बारानंतर डोळे उघडून म्हणायचो, बरोबर चालतंय.

“काय निघाला?” हरेशभाऊंनी विचारलं.

“तुमचं बरोबर होतं, हरेशभाऊ. आमचं घड्याळ चुकीचं होतं.”

“मी किती लोकांना खोटारडा बोललो, मॅडम,” ते हळूच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

ओळ बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. त्याला काही वेळ लागला नाही. वेळ लागला तो चुकीच्या दिवशी पडलेली बुकिंग एकेक करून सरळ करायला, आणि दारातल्या लोकांसाठी इकडेतिकडे फोन करून दुसरीकडे खोल्या मिळवून द्यायला. मधे खुशी दोनदा खिडकीत आली. पहिल्यांदा म्हणाली, “आई, पाणी जवळ आलंय.” दुसऱ्यांदा म्हणाली, “आता लांब गेलं.”

मग मी कौस्तुभला फोन लावला. त्याला शरम वाटेल अशी माझी भाबडी समजूत होती.

“बरं झालं तू तिथेच होतीस!” तो म्हणाला. “बघ, गर्दी रविवारची, घोटाळा रविवारचा. आता रविवारी तर तू पाहिजेसच. तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे?”

कौतुकाने पाठ थोपटून पाठीवरच गोणी ठेवण्यात या पोराचा हात कुणी धरू शकणार नाही. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नाही म्हणायलाही अंगात जीव लागतो.

बाहेर सुरूच्या झाडांखाली हरेशभाऊंनी चटई टाकून दिली होती. डबा उघडा होता, माझी पोळी झाकून ठेवलेली. ऊन कलायला लागलं होतं. मी बसले आणि कौस्तुभचं बोलणं हर्षला कसं सांगावं याची जुळवाजुळव करत राहिले. आजच्या दिवशी तरी नको, असं ठरवलं.

“आता मी सांगू?” हर्ष म्हणाला. “दिवाळीपासून साहेबांच्या मागे लागलो होतो. काल मंजूर झालं. जानेवारीपासून माझी सुट्टी शुक्रवारी. रविवारी मी कामावर. म्हणजे तुझ्यासारखंच. आपण दोघं एका दिवशी घरात.”

मला एकदम भरून आलं. या माणसाने माझ्यासाठी अख्ख्या जगाचा रविवार सोडला होता, आणि मी सकाळी त्याच्यावर एका बटणावरून ओरडले होते. मी त्याचा हात धरला. कौस्तुभ गेला उडत. आता रविवार गेला तरी शुक्रवार आमचा होता. कितीतरी महिन्यांनी मला हलकं वाटलं.

खुशी पायाशी वाळू उकरत होती. ती थांबली.

“पण शुक्रवारी मला शाळा असते,” ती म्हणाली.

तिने हातावरची वाळू झटकली.

“मग रविवारी मी कोणाकडे?”

रुसून नाही, रडून नाही. उद्या कुठला गणवेश आहे असं विचारावं तसं. शाळेनंतर तिला खालच्या मजल्यावरच्या इझाबेल आंटी सांभाळतात. हर्षने त्यांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण त्याच्याआधी खुशीनेच मान हलवली.

“इझाबेल आंटी नाही. त्या रविवारी चर्चला जातात, मग त्यांच्या आईकडे,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाळू उकरायला लागली.