मोंब्रेलच्या भिंतीवरची नाशपाती

पहिल्याच महालात सोलांजचं ठाम मत झालं, की राजेलोकांना राहायचं कळत नव्हतं. एवढ्या उंच छताखाली ऊब धरणार कशी? सत्तर खोल्या, आणि त्यात भांडी घासायला एक धड मोरी नाही. जिन्यावर जिने, पुतळ्यांवर पुतळे, आणि पुतळ्यांच्या नाकात कोळ्यांची जाळी.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या मंडळाची ही वार्षिक सहल. एका दिवसात तीन महाल आणि तीन बागा. बसमधून उतरले की हे सव्वीसजण कोंबड्यांसारखे माना वर करून चालायचे, आणि वाटाडी पोरगी जिथं बोट दाखवील तिथं "आहाहा" म्हणायचे. त्यात सगळ्यात मोठा "आहाहा" ओदेतचा. ओदेत म्हणजे नोटरीची विधवा. तिच्या नवऱ्यानं जन्मभर लोकांच्या वाटण्या लिहिल्या, आणि हिनं जन्मभर राजघराण्यांच्या बातम्या वाचल्या.

"अगं सोलांज, बघ तरी इकडे! या पलंगावर राणी निजायची!"

"निजेल नाही तर काय? उठून धुणं थोडंच धुवायचं होतं तिला."

"तुझ्या जिभेला ना काही हाडच नाही."

"राणीच्याही नसेल. पण तिची जीभ काचेच्या पेटीत ठेवली असती तर तू तिच्यापुढेही हात जोडले असतेस."

ओदेत रागावली नाही. ती कधी रागवायची नाही, आणि सोलांजला त्याचाच जास्त राग यायचा.

दुपारी तळ्याकाठी सगळ्यांनी डबे उघडले. पाव, डुकराच्या मांसाचा लगदा, बकरीच्या दुधाचं चीज, काचेच्या पेल्यांतून पांढरी वाइन. सोलांजच्या पिशवीत मात्र डब्याशेजारी आणखी एक डबा होता, बिस्किटांचा, पत्र्याचा, पण बिस्किटं नसलेला. त्यात ओला रुमाल, आणि रुमालाखाली वडिलांचा कलमाचा चाकू, हाडाच्या मुठीचा. महाल बघायला ती आलीच नव्हती. ती आली होती चोरी करायला.

तिच्या घरामागं, डुकरांच्या खोपटाच्या भिंतीला लागून नाशपातीचं एक झाड होतं. आईनं लावलेलं. फळ इतकं तुरट, की कच्चं खाल्लं तर टाळूला जीभ चिकटावी. पण तीन तास मंद आचेवर ठेवलं की लालभडक व्हायचं, आणि हिवाळाभर घरात त्याचाच गोडवा पुरायचा. गेल्या वसंतात सोलांज कंबरेच्या हाडासाठी दवाखान्यात पडली होती, तेव्हा गावानं ते झाड तोडलं. कोपऱ्याची पट्टी गावाची निघाली म्हणे. तिथं वळायला जागा हवी होती बसला. हीच बस, जिच्यात ती आज बसून आली होती.

आता ते झाड जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. मोंब्रेलच्या महालात, राजाच्या बागेत, दक्षिणेकडच्या भिंतीवर. त्यातली एक डहाळी मिळाली, तर तिचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, घरच्या जंगली रोपाच्या सालीत भरून कलम करता येणार होतं. सप्टेंबरचा पहिला आठवडा. अजून आठ दिवस, फार तर दहा. मग सालीतला रस आटतो, आणि झाड पुढल्या वर्षापर्यंत कुणाचं ऐकत नाही. पुढल्या वर्षी आपण असू की नसू, हे सोलांज कुणाला विचारत नव्हती.

मोंब्रेलचं फाटक आलं. वडील या फाटकातून चाळीस वर्षं सायकलवरून आत गेले होते. ते गेल्यापासून तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं.

"आणि ही," वाटाडी पोरगी भिंतीपुढं थांबून म्हणाली, आणि तिचा आवाज चर्चमधल्यासारखा खाली आला, "ही मोंब्रेलची राजनाशपाती! साडेतीनशे वर्षांपूर्वी राजा इथं शिकारीला आला, तेव्हा या झाडाचं फळ खाल्ल्यावर त्यानं पुढचं भोजनच नको म्हटलं होतं. या भिंतीबाहेर या झाडाचा एक डोळाही कधी गेलेला नाही."

झाड भिंतीशी हात पसरून उभं होतं. सात हात डावीकडे, सात उजवीकडे, तारांना बांधलेले, दिव्यांच्या झाडासारखे सरळ. सोलांज बघत राहिली. आपल्या घरची, खोपटामागं शेणामातीत वाढलेली पोर कुणी दरबारी पोशाख घालून उभी करावी, तसं ते दिसत होतं. ओळखू येत होती फक्त पानं.

पोरगीनं तबकातून पातळ फोडी फिरवल्या. लवकर गळलेल्या, कच्च्या फळांच्या. सव्वीस म्हाताऱ्यांनी फोडी तोंडात टाकल्या, आणि सव्वीस तोंडं एकदम कडू औषध घेतल्यासारखी आक्रसली.

"काय बाई... वेगळीच चव," ओदेत डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली. "उच्च चव आहे. आपल्या जिभेला सवय नाही."

"राजेलोकांना गोडाचं कौतुक नसायचं," वाटाडी पोरगी म्हणाली. "त्यांना टोकदार चवी लागायच्या."

सोलांजनं आपली फोड कागदी रुमालात थुंकली. डुकरंसुद्धा ही कच्ची खात नसत. नाकानं ढकलून पलीकडे जायची. आणि इथं नोटरीणबाई मिटक्या मारत होत्या!

खोपटामागचं झाड इथं आलं कसं? झालं होतं असं. छप्पन सालच्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली, की नदी गोठली आणि तिच्यावरून गाड्या गेल्या. तिचे वडील ऑंसेल्म तिबो तेव्हा मोंब्रेलचे मुख्य माळी. त्या रात्री त्यांच्याकडे थंडीपासून झाड गुंडाळायच्या गवताच्या चटया होत्या एका झाडापुरत्याच, आणि त्या चटया होत्या महालाच्या. आई म्हणाली, "राजाचं झाड मेलं तर राजा काही उपाशी मरणार नाही." वडिलांनी चटया सायकलला बांधून घरी आणल्या. सहा वर्षांची सोलांज कंदील धरून उभी होती. सकाळपर्यंत घरचं झाड वाचलं, राजाचं भिंतीवर उभ्याउभ्या काळं पडलं. फक्त मूळ जिवंत राहिलं. मार्चमध्ये वडिलांनी त्या मुळावर खोपटामागच्या झाडाची कलम बांधली, जुन्या तारांवर जुन्याच आकारात वळवली, आणि कुणाला काही बोलले नाहीत. मालकमंडळी पॅरिसला. चार वर्षांनी म्हाताऱ्या काउंटेसबाई आल्या, पहिलं फळ चावलं आणि म्हणाल्या, "हीच ती चव!" त्या रात्री आई हसून हसून खाली बसली होती. वडील हसले नव्हते.

मंडळी गुलाबांकडे वळली. सोलांज कंबर दुखल्याचं सोंग घेऊन बाकावर बसली, सोंग फारसं घ्यावंही लागलं नाही. शेवटचा माणूस वळणाआड गेला तशी ती उठली. यंदाची, बोटाएवढी जाड, चांगली जून झालेली डहाळी. एक काप. मग पानं छाटायची, देठ ठेवायचे, ओल्या रुमालात गुंडाळायचं. हात वडिलांचेच होते, चुकले नाहीत. डब्याचं झाकण मात्र वाजलं.

"मादाम! काय करताय तुम्ही?"

हिरव्या पोशाखातला एक माळी. त्याच्यामागं, थोड्याच वेळात, व्यवस्थापक मस्यू व्हेर्दिए, गळ्यात रेशमी रुमाल, पायांत मातीचा कणही न लागलेले बूट.

"हे ऐतिहासिक झाड आहे, मादाम. राजाचं झाड! तुम्हाला कल्पना आहे का तुम्ही काय कापलंत?"

"तुमच्यापेक्षा बरी कल्पना आहे."

"डबा द्या इकडे. आणि तुमचं नाव सांगा, मला नोंद करावी लागेल."

डबा त्याच्या हातात गेला. त्यानं तो उघडला आणि डहाळी दोन बोटांत धरली, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी. आता हा ती कचऱ्यात टाकणार. सोलांजच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं. अरे रेशमी बाबा, हे डुकरांच्या खोपटामागचं झाड आहे, तुझा राजा केव्हाच जळून गेलाय! पण तिला आधी नाव सांगावं लागलं.

"सोलांज बुर्दे. माहेरची तिबो. ऑंसेल्म तिबोची मुलगी."

मस्यू व्हेर्दिएचा चेहरा उजळला. त्यानं तिचा हातच धरला आणि तिला भिंतीच्या टोकाला नेलं. तिथं काचेखाली वडिलांचा फोटो होता, टोपी हातात घेतलेला, झाडाशेजारी. खाली मजकूर: "ऑंसेल्म तिबो. महाथंडीच्या रात्री जिवाची पर्वा न करता ज्यांनी राजनाशपाती वाचवली."

सोलांजनं मजकूर दोनदा वाचला. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फोटोतले वडील कॅमेऱ्याकडे नव्हे, बाजूला बघत होते.

"मादाम, तुम्ही त्या रात्री होतात?" व्यवस्थापक अगदी हळू विचारत होता. "तुमची मंडळी परत येतेय. त्यांना सांगाल का? फक्त पाच मिनिटं. डहाळी तुमचीच. एक काय, तीन घ्या! तिबोंच्या मुलीला कोण नाही म्हणेल?"

म्हणजे असं. खरं बोललं तर वडील चोर आणि लबाड, आणि डहाळी कचऱ्यात. नाहीतर याच भिंतीखाली उभं राहून, दिवसभर ज्यांना हसलो, त्यांच्या ताटात आपणही एक फोड वाढायची.

मंडळी जमली. ओदेत पुढं, हात छातीशी धरून.

सोलांजनं सांगितलं. नदी गोठल्याचं सांगितलं, कंदिलाची काच तडकल्याचं सांगितलं. वडिलांनी चटया सायकलला बांधून आणल्या, आणि आईनं आपली लग्नातली शालसुद्धा झाडाच्या बुंध्याला गुंडाळली. बर्फावर गुडघे टेकून दोघं रात्रभर काटक्यांचा लहानसा जाळ राखत होते, मोठा केला तर साल भाजेल म्हणून. आई झाडाच्या कानाशी गाणं म्हणत होती, तान्ह्या पोराला म्हणावं तसं.

"कुठलं गाणं?" ओदेतनं विचारलं.

"थंडीबाई, थंडीबाई, नदीपल्याड जा..." सोलांज म्हणाली आणि थांबली.

"पुढं?"

"पुढचं विसरले."

एकही शब्द खोटा नव्हता. झाड कुठलं, एवढंच तिनं सांगितलं नव्हतं. बायका डोळे पुसत होत्या, वाटाडी पोरगी घाईघाईनं टिपून घेत होती, आणि सोलांजला स्वतःचा असा वीट आला, की त्यापुढं सकाळची राणीसुद्धा बरी वाटली. त्या थंडीनंतर वडील वर्षानुवर्षं याच जागी उभे राहून पाहुण्यांना हेच सांगत असतील. घरी आल्यावर जेवताना बोलत का नसत, ते तिला आज, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, उमगलं.

मस्यू व्हेर्दिए स्वतः चाकू घेऊन डहाळी कापायला निघाला, तोही चाकू उलटा धरून. तिनं चाकू हिसकावून घेतला.

"सरका. हात कापून घ्याल, आणि मग त्याचीही पाटी लावाल."

सगळे हसले. त्यांना ते प्रेमाचं वाटलं.

परतीच्या बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता. ओदेत शेजारी येऊन बसली.

"सोलांज, तू आज सगळ्यांना रडवलंस गं."

"तुम्हाला रडवायला काय लागतं? सकाळी पलंग बघूनही रडलात."

"चेष्टा पुरे. खरं सांग, एवढं राजाचं झाड तू लावणार कुठं?"

"डुकरांच्या खोपटामागं. आतल्या अंगाला, बसची चाकं पोचायची नाहीत तिथं."

"अगं बाई! राजाचं झाड, आणि डुकरांच्या खोपटामागं?"

"त्याला सवय आहे."

ओदेत यावर हसली, तोंडभरून, काही न कळता. आणि सोलांजला पहिल्यांदाच तिचा राग आला नाही. एवढ्या भाबड्या बाईचा राग धरायलाही अंगात बळ लागतं, आणि ते मोंब्रेलला संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत ती खोपटामागं गुडघे टेकून बसली, कंबरेला शिव्या देत. जंगली रोपाच्या सालीवर आडवा काप, उभा काप. साल सुटली, आत अजून ओल होती. डोळा आत सरकवला, वरून लोकरीचा धागा गुंडाळला. सुतळी काचते, असं वडील म्हणायचे. दुसरा डोळा, तिसरा. एक तरी लागेल.

आजूबाजूला कुणी नव्हतं. खोपटात आता डुकरंही नव्हती. तिनं धाग्याला गाठ मारली आणि आईचं गाणं पहिल्यापासून म्हटलं, या वेळी अख्खं:

थंडीबाई, थंडीबाई, नदीपल्याड जा,
राजाची गं बाग मोठी, तिथं जेवून जा.