एका तालमीला दोन वस्ताद

भिमाबाईच्या मुलाला, बुद्धरत्नाला, मुलगी झाली, त्या वर्षाची म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. नामकरणाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, बाळाचं नाव ठेवलं, पाहुणे जेवायला बसले. सकाळपासून उभी असलेली भिमाबाई जरा कुठे टेकणार, तोच गॅलरीतून आवाज चढला.

"लागलं यांचं पुन्हा," ती सुनेला म्हणाली आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवून बाहेर गेली.

गॅलरीत तिचा नवरा अण्णासाहेब आणि मोशी गावातले दादासाहेब समोरासमोर बसले होते. दोघांच्या हातातली जिलेबी तशीच होती.

"वॉकओव्हर म्हंजी काय जिंकणं हाय का राव?" दादासाहेब म्हणत होते. "समोर कुणी आलंच न्हाई, आन म्हणं जिंकली!"

"आली नाही हा तिचा दोष. आमची मिनल वजन देऊन, ग्लोव्ह घालून रिंगमध्ये उभी होती ना? कार्ड पंच केलं की हजेरी लागली. मशिन बंद पडलं म्हणून कुणी पगार कापतं का?"

"ही काय कंपनी हाय व्हय?"

"मग ही काय तुमची जत्रा आहे?"

भिमाबाईने कपाळाला हात लावला. हा वाद तिला पाठ होता. मिनल तिची मुलगी. तेजस्विनी दादासाहेबांची. दोघी एकाच वर्गात शिकल्या, एकाच सरांकडे बॉक्सिंगला लागल्या. मिनल अठ्ठेचाळीस किलोत खेळायची, तेजस्विनी एक्कावन्नमध्ये. दोघींनी राष्ट्रीय पदकं आणली, दोघी भारताचा कोट घालून परदेशी जाऊन आल्या, आणि तिशी उलटल्यावर दोघींनी खेळणं सोडलं. मध्ये तीन किलोंची भिंत असल्यामुळे त्या एकमेकींविरुद्ध कधी उतरल्याच नाहीत.

मिनल एकोणपन्नास लढती जिंकली, नऊ हरली. तेजस्विनी एक्केचाळीस जिंकली, सात हरली. आकडे शेजारी शेजारी मांडले, दोघी तोडीस तोड म्हटलं, की शहाण्या माणसाचं काम संपलं. पण इथे शहाणं कोण होतं? अण्णासाहेबांचा सगळा जन्म चाकणच्या कंपनीत गेला, त्यांच्या लेखी हजेरी म्हणजे सर्व काही. दादासाहेब तालमीतले. त्यांच्या मते चितपट झाली तरच कुस्ती निकाली, बाकी सगळ्या बरोबरीत सोडलेल्या. गुणांवर मिळालेला विजय ते मोजतच नसत. समोरची पडली किंवा रेफ्रीने लढत थांबवली, तेवढीच खरी. त्यांच्या हिशेबाने तेजस्विनीच्या अकरा निकाली आणि मिनलच्या चारच. हे ऐकलं की अण्णासाहेबांचा रक्तदाब वाढायचा.

दोन म्हाताऱ्यांची करमणूक म्हणून भिमाबाईने हे खपवून घेतलं असतं. पण त्यात तिच्या लेकीचं आयुष्य अडकलं होतं. दोघी मुलींना मिळून बॉक्सिंगचा क्लास काढायचा होता. दादासाहेबांचा म्हशींचा मोठा गोठा म्हशी विकल्यापासून रिकामा होता. त्यांनीच तो देऊ केला, खाली कोबा करून दिला, वर नवे पत्रे टाकले. त्या भरवशावर मिनलने कंपनीतली नोकरी सोडली. रिंग उभी राहिली, बॅगा टांगल्या गेल्या, सोसायट्यांमधले आईबाप रोज फोन करून विचारू लागले. आणि दादासाहेबांनी गोठ्याला कुलूप घालून किल्ली करदोट्याला बांधली.

"एका तालमीला एकच वस्ताद," ते म्हणाले. "दोन झाले की पोरं बिघडतात. आमच्या आज्यापासून हीच रीत हाय. मिनल भारी निघाली तर तिलाच वस्ताद म्हनीन, शब्द हाय माझा. पर आदी निकाल लागू द्या."

माणूस लबाड असता तर भांडता आलं असतं. हा खरंच तसं मानत होता, आणि म्हणूनच भिमाबाईचा इलाज चालेना. तिकडे अण्णासाहेबही हटून बसले होते: "लागू दे निकाल! एकोणपन्नास म्हणजे एकोणपन्नास!" आणि मिनल सकाळी पाचला उठून, जायला जागा नाही म्हणून इमारतीच्या जिन्यावरून वरखाली पळायची. संध्याकाळी जुन्या सुपरवायझरचा नंबर काढून नुसती बघत बसायची.

शेवटी नामकरणाच्या त्या दिवशी, पाहुण्यांसमोरच, तेजस्विनी वैतागली. "दादा, किती दिवस चालणार हे? आम्ही कधी लढलोच नाही तर निकाल लागणार कसा?"

"मग लढा की!"

"काका, मी आता छप्पन किलोची आहे," मिनल म्हणाली. "आणि ही किती आहे ते ही सांगणार नाही."

"साठ," तेजस्विनी म्हणाली. "आणि तुझ्या आईची पुरणपोळी खाल्ल्यावर एकसष्ट. चल, होऊन जाऊ दे. हे दोघं गप्प तरी बसतील."

भिमाबाईला ते मुळीच पटलं नाही. पण दुसरा मार्ग तिच्याकडेही नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी कुलूप निघालं. मुलींसोबत खेळलेला ज्ञानेश रेफ्री म्हणून आला. दोन्ही म्हातारे दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले. दादासाहेबांनी ठेवणीतला फेटा बांधला होता.

घंटा वाजली. पहिल्या फेरीत दोघी एकमेकींभोवती फिरल्या. मिनलने डाव्या हाताने दोनदा टिचकी मारल्यासारखं केलं. तेजस्विनीने तिच्या खांद्यावर ठोसा टेकवला. दुसऱ्या फेरीत तेजस्विनीला दम लागला आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मिनल म्हणाली, "साठ नाही गं, पासष्ट." तेजस्विनी इतकी हसली की तिला दोराचा आधार घ्यावा लागला. मग मिनलही हसू लागली. ज्ञानेशने तोंड फिरवलं, पण त्याचेही खांदे हलत होते.

दादासाहेब ताडकन उठले. "नुरा!" ते ओरडले. "नुरा कुस्ती हाय ही! ठरवून आल्यात दोघी! माझ्या दारात नुरा?"

"नुरा कसली? पहिल्या फेरीचे दोन गुण मिनलचे!" अण्णासाहेब ओरडले.

"गुण घाला चुलीत!"

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि फेटा काखेत मारून घरात निघून गेले. होतं त्याहून वाईट झालं. घरी येताना रिक्षात अण्णासाहेब दोन गुणांचंच बोलत होते.

"अहो," भिमाबाई म्हणाली, "आता एक शब्द बोललात ना, तर मी इथेच उतरेन आणि चालत येईन."

"पण पहिल्या फेरीत..."

तिने रिक्षा थांबवली आणि खरोखर उतरली. घराच्या दिशेने मात्र ती गेली नाही. तरातरा उलटी चालत ती दादासाहेबांच्या अंगणात येऊन उभी राहिली. वाटेत एकाच फाटकात एक शाळा सुटत होती आणि दुसरी भरत होती, कसली तरी रविवारची जादा परीक्षा होती. फाटकातल्या पोरांच्या गर्दीतून वाट काढताना तिच्या डोक्यात जे आलं, ते तिने तसंच दादासाहेबांपुढे टाकलं.

"दादा, आपल्या रस्त्यावरच्या शाळेत हेडमास्तर किती?"

दादासाहेब तंबाखू मळत होते. ते चक्रावले. "दोन. सकाळची शाळा यगळी, दुपारची यगळी."

"इमारत?"

"येकच की."

"मग पोरं बिघडली का?"

दादासाहेबांचा अंगठा तळव्यावरच थांबला.

"सकाळची तालीम मिनलची," भिमाबाई म्हणाली. "तिथे वस्ताद ती. संध्याकाळची तालीम तेजूची, तिथे वस्ताद तेजू. एका तालमीला एकच वस्ताद. तुमची रीत मोडली का कुठे? सांगा."

"पर भारी कोन त्ये..."

"ते तुम्ही दोघं भांडत बसा जन्मभर. बाहेर, बाकड्यावर. माझ्या लेकीला आत जाऊ द्या. तिने नोकरी सोडलीय तुमच्या शब्दावर, कळतंय का? तुमच्या शब्दावर!"

शेवटचं वाक्य तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने निघालं. तेजस्विनी दारात येऊन उभी राहिली. दादासाहेबांनी तंबाखू तोंडात टाकायची सोडून झटकून दिली आणि करदोट्याची गाठ सोडू लागले. ती सुटेना. तेजस्विनीने पुढे होऊन सोडली.

"वैनी," किल्ली देताना ते म्हणाले, "तुमी पुरुष असता तर आखाड्यात घेतलं असतं तुमाला."

"मला वेळ नाही," भिमाबाई म्हणाली.

घरी आल्यावर तिने अण्णासाहेबांना सांगितलं. ते खूश झाले. मग जरा वेळाने म्हणाले, "सकाळ म्हणजे फर्स्ट शिफ्ट. म्हणजे पहिला नंबर आपलाच की!" भिमाबाईने हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं आणि तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

क्लास सुरू झाला. सकाळी मिनलची पोरं, संध्याकाळी तेजस्विनीची. बाहेरच्या बाकड्यावर दोन म्हातारे. आता त्यांना मोजायला नवीन माल मिळाला होता: कुणाच्या शिफ्टचं पोर जिल्ह्याला जिंकलं, कसं जिंकलं, गुणांवर की निकाली. पावसात ते पत्र्याखाली सरकून भांडायचे. भिमाबाई दोघांना चहा नेऊन द्यायची आणि कप परत आणायला कधी थांबायची नाही. थांबलं की मत विचारायचे.

दीड वर्ष असंच गेलं. एके दिवशी सकाळच्या क्लासला निघायच्या वेळी मिनलने वडिलांना हाक मारली आणि ते उठले नाहीत. त्या आठवड्यात तेजस्विनीने सकाळच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही तालमी घेतल्या, आणि दादासाहेब त्यावर काही बोलले नाहीत. ते बाकड्यावर येऊन बसायचे. भिमाबाईला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून चहा त्यांना कुणी नेला नाही.

अण्णासाहेब संभाजी ओव्हाळ अकरा मार्च दोन हजार पंचवीस रोजी, मंगळवारी पहाटे, मोशीच्या राहत्या घरी वारले.