केसांवरची रुई

श्रीनिवास सिंदीच्या एका कापसाच्या जिनात बाबू होता, पण जीव त्याचा जुन्या संस्कृत काव्यात. दुपारच्या सुट्टीत कापूस निवडणाऱ्या बायांनाही तो श्लोक समजावून सांगायचा. तारुण्य पाहुण्यासारखं येतं नि न सांगता उठून जातं; कानाजवळ पिकलेला पहिला केस म्हणजे म्हातारपणाचा सांगावा. सांगता सांगता त्याचेच डोळे भरून यायचे. बाया माना डोलवायच्या नि भोंगा झाला की कामाला लागायच्या. आणि एवढं सगळं कळणाऱ्या या शहाण्यानं वर्ध्याच्या सुमतीला अकरा वर्षं ताटकळत ठेवलं होतं. आता याला काय म्हणावं!

आधी बहिणींची लग्नं उरकायची होती. मग आईचं आजारपण निघालं. मग धाकटा माणिक कॉलेजात गेला. सुमती शाळेत मास्तरीण होती. तीही पत्रातून ‘हरकत नाही’ लिहीत राहिली. शेवटची भेट म्हणाल तर चार वर्षांपूर्वी, आईच्या तेराव्याला. चौपन्न सालच्या पौषात मात्र तिचं वेगळंच पत्र आलं. अकोल्याला मुलींच्या वसतिगृहावर नोकरी मिळते आहे, शनिवारी येते, काय ते तोंडानं सांगा.

ती आली तेव्हा सरकी वेगळी करणारे रेचे घरघरत होते नि रुई हवेत उडत होती. जिनात हे रोजचंच. तासाभरात पोरीबाळींचीही डोकी पांढरी व्हायची, नि बाहेर येऊन झटकली की पुन्हा काळीभोर.

श्रीनिवासनं पाठ केलेलं सांगून टाकलं. माणिकची परीक्षा होऊ दे, एकच वर्ष, आपण काय म्हातारे झालोय? आणि हसत रुमाल पुढं केला. “आत आलीस नि डोक्यावर रुई बसली बघ. झटकून टाक.”

सुमतीनं रुमाल घेतला नाही. टोपलं घेऊन चाललेली कामकरीण सुंदरा थांबली नि हळूच म्हणाली, “ते रुई नाई जी, बाबूजी. केस पिकले बाईचे.”

सुमती त्याच्या मनात अजून पंचविशीचीच होती, पत्रंही तीच लिहीत होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. सुंदरा निघून गेल्यावर तो घाईघाईनं म्हणाला, “वर्ष नको. याच महिन्यात लग्न करून टाकू.”

“माझी कीव आली?”

“माझीच आली,” तो म्हणाला. ते खरं होतं.

सुमती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

“मी आल्या आल्या हेच म्हणाला असतात,” ती म्हणाली, “तर अकोल्याला ‘येत नाही’ म्हणून कळवलं असतं.”

गाडीला अवकाश होता. दोघं स्टेशनपर्यंत चालत गेले. वाटेत त्यानं दोनदा तिची पिशवी मागितली. तिनं ती दिली नाही.