मला उन्हाळ्यात पाणी पाजू नका

मी एक जुनी, काटकुळी चुपारोसा आहे, म्हणजे एक रानझुडूप. मित्रांनो, सोनोराच्या वाळवंटात, कोरड्या ओढ्यांच्या काठी माझे भाऊबंद सुखाने वाढतात, कारण त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. माझ्या नशिबी मात्र माणसांची माया आली. माझी तक्रार त्या मायेबद्दलच आहे.

या घरच्या एउलालियाने ओढ्यावरून माझी फांदी आणून दाराजवळ लावली. मूळ धरेपर्यंत पाणी घातले आणि मग म्हणाली, "आता तुझं तू बघ." इतक्या सन्मानाने मला पुन्हा कुणी वागवले नाही. उन्हाळ्यात मी सगळी पाने टाकते आणि नुसत्या हिरव्या काड्यांनिशी झोपी जाते. थंडी सरताना लाल, नळीसारख्या फुलांनी भरते. मग अंगठ्याएवढे गुंजनपक्षी येतात आणि हवेतच थबकून फुलात चोच घालतात. तेव्हा एउलालिया कॉफी घेऊन खुर्चीत बसायची आणि कुणाला अवाक्षर बोलू द्यायची नाही.

शेजारच्या चायोला माझे उन्हाळी रूप बघवत नसे.

"दारात खराटा कशाला पुरलायस गं?"

"तू फार वेळ बसलीस की उपटून तुला हाकलायला."

मागच्या वसंतात, माझी फुले अजून फांदीवर असतानाच, एउलालिया अचानक गेली. तिची मुलगी आंपारो शहरातून पोहोचली, तोवर सगळे उरकले होते. ती इथेच राहिली. ऊन तापले आणि रिवाजाप्रमाणे मी पाने टाकली. आंपारो माझ्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"आता तूसुद्धा निघालीस?"

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बादली सुरू झाली. माझी मुळे चिखलात कुजू लागली. एक बाजू काळी पडली, तर तिने पाणी आणखी वाढवले! तिचा भाऊ रामिरो याने तर कहर केला. साखरपाण्याची बाटली आणून टांगली. तिला लाल प्लास्टिकची फुले होती. पक्ष्यांना गोडाशी मतलब, ही वाळकी काडी उपटून टाक, असे तो म्हणाला. मी इतकी वर्षे पाहुणे जेवू घातले आणि माझ्या जागी बाटली!

एकदा चायो आली. खराट्याची थट्टा ओठांवर आली होती, ती तिने गिळली. वाकून मातीत बोट घातले आणि आंपारोच्या हातून बादली काढून घेतली.

"मरतेय ती, मावशी."

"झोपलीय. ही काडी बघ, हिरवी आहे ना? पोरी, आईला पाजायचं राहिलं, ते हिला पाजू नकोस."

आंपारो खाली बसली आणि ओल्या मातीवर हात ठेवून राहिली. नंतर तिने ती बादली अंगण धुवायला रिकामी केली.

माझे अर्धे अंग गेले, ते परत येणार नाही. उरलेल्या अर्ध्याला थंडी सरताना मोजकी फुले आली. एक गुंजनपक्षी बाटलीभोवती घिरटी घालून माझ्याकडे वळला. आंपारो आईच्या खुर्चीत होती. चायो काहीतरी बोलणार, तोच आंपारोने ओठांवर बोट ठेवले.

बादली अजून दाराशी असते. मी तिच्यावर नजर ठेवून आहे. मित्रांनो, माया जरूर करा. पण पाणी ओतण्याआधी मातीत बोट घालून बघा, आणि झोपलेल्याला झोपू द्या.